‘अपूर्ण’च्या डब्यातलं कार्ड

महाल, नागपूर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

संघपाल,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरावरून लागत नाही, एवढं मला समजलं आहे. म्हणून पत्र. भिवापूरच्या तुझ्या सेवा केंद्राचा पत्ता तुझ्या तुकडीतल्या मिनलकडून घेतला. देताना तिनं दोनदा विचारलं, "कशाला पाहिजे गं तुला?" मी म्हटलं, विभागाचं काम आहे. ते खोटं नाही.

बाबा गेल्याचं तुला कळलं असेल. १४ डिसेंबरला वर्ष होईल. त्या दिवशी त्यांच्या विणकामावरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार आहे, आणि मागे विद्यार्थ्यांच्या आठवणी जोडायच्या आहेत. कृष्णकांत सर आता विभागप्रमुख आहेत, संपादकही तेच. त्यांनी एकशे बारा विद्यार्थ्यांची यादी केली. त्यात तुझं नाव नव्हतं. मी दाखवून दिलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, राहून गेलं असेल." म्हणून तुला लिहिते आहे. एक पान पुरे. सरांबद्दल जे वाटतं ते लिही. चांगलंच लिही असं मी म्हणत नाही.

मी अजून विभागाच्या त्याच दोन खोल्यांत काम करते, जुन्या ग्रंथालयाच्या मागे. दरवर्षी मे महिन्यात माझं कंत्राट वाढतं. कार्डं तपासून लावणं माझ्याकडेच आहे.

शेवटच्या आजारात बाबांनी तुझी आठवण काढली होती.

गार्गी


रविवार, ९ नोव्हेंबर

संघपाल,

पत्र पोचलं. पोस्टाच्या नोंदीत घेणाऱ्याची सही ‘पिंकी’ अशी आहे. पिंकी कोण, हे विचारण्याचा मला अधिकार नाही.

तू लिहिलं नाहीस. मलाही लिहिता येत नाही. ‘मुलगी आणि विद्यार्थिनी’ अशा मथळ्याखाली माझा लेख हवा आहे आणि मी आठ दिवस पहिल्या वाक्यावर बसले आहे. तेव्हा जे लेखात बसत नाही ते तुलाच सांगते.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही. दम्यामुळे. बाबाच शिकवायचे, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते मला कार्डं लिहायला लावत. किसणी. रवी. आजीचं पुरणयंत्र. वर वस्तूचं नाव आणि खाली दोन प्रश्न: तुला काय माहीत? ते तुला कोणी सांगितलं? दुसऱ्या प्रश्नापुढची जागा रिकामी राहिली की ते अख्खं कार्ड फाडून टाकत. रागानं नाही, अगदी शांतपणे. "मग हे तुझं नाही बेटा. हे वाऱ्यावरचं आहे." सहा वर्षांची मी आजीकडे पळत जायची. रवीला रवी का म्हणतात ते तुला कोणी सांगितलं? आजी म्हणायची, "तुझ्या बापाला दुसरं काम नाही का?"

त्याच दोन प्रश्नांवर त्यांनी पुढे विद्यापीठात विभाग उभा केला, हे तुला ठाऊकच आहे. सांस्कृतिक वारसा म्हणजे किल्ले आणि देवळं, असं समजणाऱ्या लोकांसमोर अकरा वर्षं कागद फिरवले. कुणीतरी बैठकीत म्हणालं होतं, "दंडिगे, एम.ए.ला काय भांडीकुंडी शिकवणार?" बाबा म्हणाले, "हो. आणि प्रात्यक्षिकाला घासायलाही लावणार." पहिला तास कायम इतवारीत, भांड्यांच्या बाजारात. तांब्यावरच्या ठोक्यांवरून तो कुणाच्या हातचा हे ओळखायचं. तुमच्या तुकडीच्या वेळी हातठेल्याखाली त्यांची चप्पल तुटली आणि उरलेला तास ते अनवाणी बोलत राहिले. मागून तू म्हणालास, "सर, ही चप्पल कोणी शिवली, त्याचं बी कार्ड करू का?" ते इतके हसले की दुकानदार बाहेर आले.

घरी येऊन त्यांनी आईला ते सांगितलं होतं. "एक पोरगा मिळाला," असं म्हणाले होते.

हे लेखात कसं लिहू?

गार्गी


रविवार, १६ नोव्हेंबर

संघपाल,

तिसऱ्यांदा टाळणार नाही.

कार्ड आलं होतं.

११ जुलै २०१७ ला तू ते माझ्या टेबलावर ठेवलंस. भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घातलेलं होतं. ‘खापा. करवती काठाची मोजणी. सांगणारी: पार्वतीबाई देवराव गजभिये. नातं: माझी मोठी आजी.’ आत्ता ते माझ्यासमोर आहे. करवतीच्या दात्यांसारखा काठ विणताना दर धाग्याला एक पाऊल पुढे जायचं, सात पावलं चढायची, सात उतरायची. तुझी आजी ते आकड्यांनी मोजत नाही, बायकांच्या नात्यांनी मोजते. माय, मावशी, आत्या, मामी, काकी, नणंद. सातव्या धाग्याला कुणाचंच नाव घेत नाही, नुसती मागाच्या लाकडावर टिचकी मारते. तुझं अक्षर तेव्हा बरं होतं.

कार्ड मी वाचलं आणि मला त्यात चूक सापडली. मला चूक सापडतेच. आधीच्या तुकडीतल्या हर्षितनं नसलेली आत्या उभी करून तिच्या नावावर वीस कार्डं भरली होती, त्यानंतर बाबांनी नियम केला होता: सांगणारा नात्यातला असेल तर शेजारच्या एकाची सही हवी. तुझ्या कार्डावर ती नव्हती. मी ते कप्प्यात लावलं नाही. टेबलाखाली बिस्किटांचा निळा डबा असायचा, ‘अपूर्ण’ असं लिहिलेला, त्यात टाकलं. तुला सांगणार होते. त्याच आठवड्यात मला दम्याचा झटका आला, मी तीन आठवडे घरी होते, परत आले तर तू नोंदी घ्यायला सिरोंचाला गेलेला. मग राहून गेलं. एवढंच. यामागे कुणाचा डाव नव्हता. तो असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं.

बाबांना ही मोजणी तू तोंडी सांगितली होतीस, खाप्याच्या बसमध्ये. ‘सातवा धागा’ हे प्रकरण त्यांनी त्यावर लिहिलं. छापखाना घाई करत होता आणि तुझा फोन लागत नव्हता. नाव लिहिण्याआधी ते नेहमी कप्पा उघडून बघत. कप्प्यात कार्ड नव्हतं. त्यांच्याच नियमानं, कार्ड नाही तर नाव नाही. त्यांनी लिहिलं, ‘खाप्यातील एका वृद्ध विणकर स्त्रीकडून’.

पुस्तक निघाल्यावर मार्च २०१८ मध्ये विभागात झालेली बैठक तुला आठवत असेल. मला तिच्यातलं प्रत्येक वाक्य आठवतं. तू उभा राहून म्हणालास, "सर, तुमीच शिकवलं ना, सांगणाऱ्याचं नाव पहिले! मग माह्या आजीचं नाव कोनं खाल्लं?" बाबा पांढरे पडले. तू म्हणालास, मी कार्ड दिलं होतं. ते माझ्याकडे वळले. "गार्गी, कार्ड आलं होतं का?"

मी म्हणाले, "कप्प्यात नाही, सर."

ते खरं होतं. मी कधी खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पुढे कुणी काही विचारलं नाही. तेव्हा माझा पाय डब्याला लागत होता. पत्र्याचा थंडपणा चपलेच्या पट्ट्यातून बोटाला लागत होता. तू माझ्याकडे पाहिलंस, ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलंस आणि गेलास. मला वाटलं, उद्या सांगू. त्या ‘उद्या’ला सात वर्षं आठ महिने झाले.

आज आणखी एक सांगायचं आहे, ते मला याच आठवड्यात दिसलं. नव्या आवृत्तीसाठी जुने कप्पे काढले. पहिली चाळीस कार्डं आमच्याच घरची आहेत. सांगणारी: आजी. सांगणारी: आई. सांगणारी: आत्या. एकावरही शेजाऱ्याची सही नाही. नियम नंतरचा आहे, असं मी लगेच स्वतःला सांगितलं. पण नियम झाल्यावर जुनी सगळी कार्डं पुन्हा तपासायचं काम माझ्याकडेच होतं. त्या चाळीसांवर लाल पेनानं बरोबरची खूण आहे. ती माझी आहे.

महालातल्या आजीला साक्षीदार लागला नाही. खाप्यातल्या आजीला लागला. आणि मी हे सात वर्षं नियमाच्या खात्यावर ढकलत होते.

गार्गी


रविवार, २३ नोव्हेंबर

संघपाल,

काल मी खाप्याला जाऊन आले. तुला न विचारता. रागावलास तर बरोबरच आहे, पण आधी ऐक.

घर सापडायला वेळ लागला नाही. तुझी मोठी आजी अंगणात खाटेवर बसून वाल सोलत होती. माग गेला, मागाच्या खड्ड्यात आता सरपण आहे. मी नाव सांगितलं. तिनं सोलणं थांबवलं नाही.

"दंडिगे मास्तरची पोरगी काय तू? थो बुवा येत जाय बसनं. चहात साखर कमी टाका म्हने, अन मंग गूळ मांगे."

मी म्हटलं, ते गेले.

"मालूम हाय. संघपालनं सांगतलं. त्या दिशी जेवला नाही थो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू काहून आली वं? एकटी?"

मी कार्ड काढलं. येताना बसमध्ये वाक्यं ठरवली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, "आजी, तुम्ही सांगितलेलं आमच्या पुस्तकात तुमच्या नावाशिवाय छापलं गेलं. चूक माझी होती. कार्ड मी अडवलं. संघपाल खरं बोलत होता, तरी त्यालाच विभाग सोडावा लागला."

तिनं वालाच्या दोन शेंगा सोलल्या. "माह्या नावासाठी पोट्ट्यानं शिक्षन सोडलं, हे मले कोनी सांगतलंच नाही. मले म्हने, मन लागत नाही तिथं." नंतर म्हणाली, "वाच बरं. काय सांगतलं होतं मी?"

तिला आठवत नव्हतं, संघपाल. हात थरथरतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सात वर्षांत तिनं माग पाहिलेला नाही. मी वाचायला लागले. माय, मावशी, आत्या. तशी तिची बोटं वालाच्या सुपावर चालायला लागली, एक पाऊल, एक पाऊल. नणंदेपर्यंत आले आणि वाचलं, ‘सातव्या धाग्याला नाव घेत नाहीत.’

बोटं थांबली. "असं कोनं लिवलं?"

"संघपालनं. तुम्ही सांगितलं तसं."

आणि ती हसायला लागली. दात नाहीत, पदर तोंडाला लावून हसली. "अवं, नाव हाय ना! सवत. माय, मावशी, आत्या, मामी, काकी, नणंद, सवत! सवत आली का मांगं फिराचं. आमी साऱ्या बाया असंच म्हनो."

"मग सांगितलं नाही का?"

"कशी सांगू? थो समोर बसून लिवून राहिला होता. त्याची सख्खी आजीच माही सवत होय. थे मेली, अन त्याले मी वाढवला. त्याच्या तोंडासमोर सवत म्हनू का? मंग मारली टिचकी."

मी तिला बाबांचं प्रकरण सांगितलं. सातव्या धाग्याच्या मौनावर त्यांनी नऊ पानं लिहिली आहेत, कष्टकरी बाईच्या अबोल दुःखावर. ती अभ्यासक्रमात आहेत. दरवर्षी परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो.

"नऊ पानं?" ती म्हणाली. "टिचकीवर? बुवा मोठा हुशार होता वं!" आणि पुन्हा हसली, आणि हसता हसता मीही हसले, आणि मग मला ते थांबवता येईना, आणि ते हसणं नव्हतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, मला पाणी दिलं. तिनं मला जवळ वगैरे घेतलं नाही. ते मला बरं वाटलं.

निघताना मी विचारलं, "नाव लिहू का आजी? तुमचं, आणि सातव्याचंही?"

"माहं लिव. देवरावचं बी लिव, नाही तं वरून बोंबलन. सातव्याचं त्याले विचार. थे त्याची आजी होय, माही तं नुसती सवत होय." शेजारच्या मीराबाईंना तिनं हाक मारली आणि शेजाऱ्याची सही घेतली. आठ वर्षं जी सही अडली होती ती घ्यायला चार मिनिटं लागली. मीराबाईंनी विचारलंसुद्धा नाही, कशावर करते आहे.

पिंकी तुझी बायको आहे आणि तुम्हाला अडीच वर्षांची मुलगी आहे, हेही तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

गार्गी


रविवार, ३० नोव्हेंबर

संघपाल,

सोमवारी कृष्णकांत सरांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "गार्गी, वर्षाच्या आत माणसाला खोटं पाडायचं?" मी म्हटलं, बाबा खोटे पडत नाहीत, मी पडते. ते म्हणाले, "वाचणाऱ्याला तेवढा फरक कळत नसतो." मग मार्ग सुचवला. मागे शुद्धिपत्र, बारीक अक्षरात: ‘माहिती: श्रीमती पार्वतीबाई, खापा’. का, कसं, काही नको. तुझं नाव नको. "मे महिना फार लांब नाही," हेही त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

तुझ्या पीएच.डी.चंही विचारलं. नोंदणी रद्द झाली आहे, मुदत संपली आहे, ती परत होत नाही. मी तीन टेबलांवर विचारून आले. हे मी तुला परत देऊ शकत नाही. दुसरंही काही देऊ शकत नाही, हे या आठवड्यात नीट कळलं.

आईला मंगळवारी सांगितलं. मला वाटलं होतं ती बाबांच्या नावासाठी भांडेल. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ते विचारत होते तेव्हा मी दारात उभी होते."

आता ते तुला सांगावंच लागेल. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, बाबांनी तुझी आठवण काढली. ती अशी काढली. जाण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, ऑक्सिजनची नळी बाजूला करून ते म्हणाले, "गार्गी, संघपालचं कार्ड नव्हतंच ना?"

आणि मी म्हणाले, "कप्प्यात नव्हतं, बाबा."

तेच वाक्य. दुसरं तोंडातून निघेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सहा वर्षांची असताना ते कार्डावरच्या रिकाम्या जागेकडे बघायचे तसं, शांतपणे.

"मी कप्प्याचं विचारलं नाही."

मग पाणी मागितलं. मी दिलं. त्यानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नाही, दोन दिवस. आईला नावानं हाक मारत होते, नर्सलाही बोलावत होते.

आई पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "मी त्यांचं नाव जपून नाही राहिले. त्यांचं काय, ते सुटले. मी तुझं जपते आहे. नोकरी जाईल, लोक तोंडावर बोलतील, आणि तुझा जीव असा, दाराची कडी लावली की नाही ते चारदा बघणारा. कशाला? त्या बाईनं मागितलं का? त्या मुलानं मागितलं का?" मी म्हटलं, त्यानं मागितलं होतं, सगळ्यांसमोर. तेव्हापासून ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतीच बोलते. ताटात सगळं असतं. लिंबूसुद्धा कापून असतं. या घरात मला कुणी कधी वाईट वागवलं नाही, संघपाल, म्हणून इथून बाहेर कसं पडायचं तेच मला येत नाही.

शुक्रवारी शेवटची प्रुफं गेली. शुद्धिपत्र नाही. ‘सातवा धागा’ प्रकरणाच्या आधीचं पान कोरं होतं, तिथे कार्ड छापायला दिलं आहे. सर म्हणाले, "तुझ्या सहीनं दे. विभागाचा संबंध नाही." मी दिलं. बाबांची नऊ पानं जशीच्या तशी राहतील. ती सुंदर आहेत. वाचणाऱ्यानं आधी कार्ड वाचावं, मग ती. ‘मुलगी आणि विद्यार्थिनी’ हा लेख मी दिला नाही. माझं जे आहे ते कार्डावर आलं.

सातव्याचं नाव तुझ्याकडून येईपर्यंत छापणार नाही. तू कळवलं नाहीस तर खाली आहे तसंच जाईल. पान ८ डिसेंबरला मशीनवर चढतं. कळवलंच पाहिजे असं नाही. नक्कल सोबत आहे, दुधाच्या पिशवीत घातली आहे, भिवापूरला पाऊस नसला तरी.

खापा. करवती काठाची मोजणी.
माय, मावशी, आत्या, मामी, काकी, नणंद.
सातव्या धाग्याचं नाव: आहे. सांगणारीला माहीत आहे.
सांगणारी: पार्वतीबाई देवराव गजभिये.
लिहून घेणारा: संघपाल गजभिये, ११ जुलै २०१७.
शेजाऱ्याची सही: मीराबाई, २२ नोव्हेंबर २०२५.

बाबांच्या नमुन्यात इथे कार्ड संपतं. मी एक ओळ वाढवली आहे.

अडवणारी: गार्गी अनंत दंडिगे.